निकालपत्रात नसलेली शिक्षा

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याने शहर मागे पडले, की थोड्याच वेळात हिंडलगा येते. सीमाभागातील मराठी घरांत या गावाचे नाव निरनिराळ्या कारणांनी घेतले जाते. कोणी तेथील गणपतीच्या दर्शनाला जातो, कोणी १ जूनला १९८६ च्या हुतात्म्यांच्या स्मारकापाशी हात जोडून उभा राहतो. परंतु आमच्या लहानपणी हिंडलगा म्हटले, की आधी डोळ्यांपुढे येई ती मध्यवर्ती कारागृहाची भिंत. “फार मस्ती करशील तर हिंडलग्याला पाठवीन,” ही वडीलधाऱ्यांची ठरलेली दटावणी होती. त्या भिंतीपलीकडे फाशीचा खांब आहे, हे ठाऊक झाल्यावर त्या दटावणीचा धाक आणखीच वाढे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये हा खांब एकाएकी गावोगावच्या गप्पांचा विषय झाला. चंदनतस्कर वीरप्पन याचे चार साथीदार याच कारागृहात होते आणि त्यांचे दयेचे अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळल्याची वार्ता आली होती. बाजारात, बसथांब्यावर, पानाच्या ठेल्यावर एकच चर्चा. दोर कोठून येणार? पहाट कोणती? त्या दिवसांत वर्गात एका मुलाने मला विचारले, “गुरुजी, आपल्याला फाशी द्यायचे ठरले आहे, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस रोज जेवतो का हो?”

मुले हसली. मी म्हणालो, “धडा काढ, वायफळ प्रश्न नकोत.” मुलगा बसला. प्रश्न मात्र बसला नाही. तो वायफळ नव्हता, हे मला त्याच दिवशी कळले होते. उत्तर ठाऊक नसल्यामुळे मी त्याला गप्प केले होते. आज या पानावर ते देण्याचा प्रयत्न करीत आहे.

तो माणूस जेवतो. दोन वेळचे जेवण त्याच्या कोठडीच्या दाराशी येते. प्रश्न जेवणाचा नाही; जेवण ते जेवण यांच्यामध्ये जो दिवस पसरलेला असतो, त्याचा आहे. १८९४ च्या कारागृह कायद्याचे तिसावे कलम अगदी थोडक्यात दोन गोष्टी सांगते. देहान्त शिक्षा झालेला बंदी कारागृहात येताच त्याची झडती घ्यावी आणि धोक्याची किंवा जवळ ठेवू देण्यास अयोग्य वाटेल ती प्रत्येक वस्तू काढून घ्यावी. त्यानंतर इतर सर्व बंद्यांपासून वेगळ्या कोठडीत त्याला ठेवावे आणि त्याच्यावर रात्रंदिवस पहारा असावा. हेतू उघड आहे. त्याने पळून जाऊ नये, आणि स्वतःच्या हाताने जीवही देऊ नये. मरणासाठीच त्याला काळजीपूर्वक जिवंत ठेवायचे!

शिवाय अशा बंद्याला सश्रम वा साधी, कोणतीच कैद झालेली नसते. न्यायाधीशाने त्याला मरणाची शिक्षा दिलेली असते, तुरुंगवासाची नव्हे. म्हणून कायद्याने त्याच्यावर श्रमांची सक्ती नाही. ऐकायला ही सवलत वाटते. परंतु ज्याने रिकामा दिवस भोगला आहे, त्याला तिचे मोल कळेल. सुतारकाम नाही, विणकाम नाही, बागेत खुरपे नाही, तर दिवसाला आकार कोठून येणार? सरकारच्या हाती सोपविलेली ती एक जोखमीची ठेव आहे. मागणी येईल तेव्हा ती परत हजर करावयाची, एवढाच कारागृहाचा तिच्याशी संबंध.

आता हे दिवस किती? सामान्य वाचकाची समजूत अशी असते, की न्यायाधीशाने शिक्षा सुनावली आणि पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत ती अमलात आली. वस्तुतः सत्र न्यायालयाने दिलेली देहान्त शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येऊच शकत नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, पुनर्विलोकनाचा अर्ज, मग राज्यपाल, मग राष्ट्रपती. प्रत्येक पायरी आवश्यक आहे, कारण गेलेला जीव परत आणता येत नाही. पण प्रत्येक पायरीवर वर्षे जातात. हिंडलग्याच्या त्या चौघांना सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फाशी सुनावली होती. दयेच्या अर्जाचे उत्तर आले २०१३ मध्ये. नऊ वर्षे. पहिलीच्या वर्गात आलेले मूल तेवढ्या काळात दहावीच्या उंबरठ्याशी पोहोचते.

घरातील कोणाची मोठी शस्त्रक्रिया ठरलेली असावी आणि तारीख कळू नये, असा आठवडा आपल्यापैकी पुष्कळांनी काढला असेल. फोन वाजला की काळजात धस्स होते. तो एक आठवडा असतो, आणि भोवती आपली माणसे असतात. फाशी यार्डातल्या माणसाच्या कोठडीपुढे पावले थांबली, की तेच धस्स. आणि शेजारी बोलायला कोणी नाही.

या एकटेपणाला कायद्याने मान्यता आहे काय, हा प्रश्न तिहार तुरुंगातील सुनील बत्रा या देहान्त शिक्षेच्या बंद्याने सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ३० ऑगस्ट १९७८ रोजी त्याचा निर्णय दिला. न्यायालयाने सांगितले, की एकांतवास ही दंडविधानात एक स्वतंत्र शिक्षा आहे. ती देण्याचा अधिकार न्यायालयाचा, तुरुंगाधिकाऱ्याचा नव्हे. आणि ज्याचे अपील वा दयेचा अर्ज शिल्लक आहे, ज्याला अजून आशा ठेवण्याचा हक्क आहे, तो तिसाव्या कलमाच्या अर्थाने ‘देहान्त शिक्षेखालील बंदी’ नव्हेच. तोवर त्याला इतर बंद्यांसारखेच वागवावे. त्यांच्यात मिसळू द्यावे.

आणि न्यायालयाला तरी एकांतवास किती देता येतो? १८६० च्या दंडसंहितेने घातलेली मर्यादा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तशीच आहे. एकूण तीन महिन्यांहून अधिक नाही आणि सलग चौदा दिवसांहून अधिक नाही. इंग्रज सरकार काही कनवाळू नव्हते. तरीही माणसाला माणसापासून तोडण्याची शिक्षा मोजूनमापून द्यावी लागते, एवढे त्यालाही कळले होते.

आता आपल्या हिंडलग्याकडे पुन्हा वळू. १९९८ मध्ये बंगळुरात एका तरुण आईवर तिच्याच घरात अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. तिचा लहानगा मुलगा घरी आला, तेव्हा ती निपचित पडली होती. त्या गुन्ह्याबद्दल २००६ मध्ये एका आरोपीला फाशी सुनावण्यात आली आणि त्याला हिंडलग्यास आणण्यात आले. त्या वेळी त्याचे उच्च न्यायालयातील प्रकरण व्हायचे होते, सर्वोच्च न्यायालय दूर होते, दयेचा अर्ज तर कोणाच्या मनातही नव्हता. तरीही त्याला एकांतात ठेवण्यात आले. राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला २०१३ मध्ये. एकांतवास चालला २०१६ पर्यंत. १९७८ चा निर्णय त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा जुना होता, आणि तो निर्णय असताना हे घडले.

गणिताच्या शिक्षकाला विचारावे असे हे उदाहरण आहे. न्यायालयाला अधिकार तीन महिन्यांचा. प्रत्यक्षात दिले गेले दहा वर्षे. म्हणजे चाळीसपट. आणि ही चाळीसपट शिक्षा कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नव्हती.

४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली, ज्यात किमान तीस वर्षे त्याने कारागृहात काढावयाची आहेत. दयेच्या अर्जाला फार विलंब झाला, असे न्यायालयाला वाटले नाही. जे वाटले ते इतकेच, की अधिकार नसताना त्याला एवढा काळ एकांतात ठेवले आणि त्याचे दुष्परिणाम त्याच्या मनावर झाले.

येथे वाचकांपैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल, आणि तो राहावा. त्या आईने काय केले होते? त्या मुलाने काय केले होते? त्यांच्या वाट्याला आले त्यापुढे या माणसाचा एकटेपणा काय मोठासा? या प्रश्नाला ‘मानवता’ वगैरे मोठे शब्द फेकून उत्तर देणे मला अप्रामाणिक वाटते. मी एवढेच म्हणेन, की तुरुंगाच्या त्या बेकायदा वर्तनामुळे त्या मुलाला काय मिळाले, हेही पाहावे. चोवीस वर्षे त्याच्या आईचे नाव कचेरीच्या कागदांत फिरत राहिले आणि शेवटी न्यायालयाने दिलेली शिक्षा तुरुंगाच्या चुकीने बदलली. कायदा मोडून केलेली कठोरता पीडिताच्याही पदरात काही टाकत नाही.

कोल्हापूरच्या दोन बहिणींचे प्रकरण आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. लहान मुलांची अपहरणे आणि हत्या. त्यांची नावे काढताच आजही आया मुलांचा हात घट्ट धरतात. त्यांचीही फाशी मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी जन्मठेपेत बदलली, ती दयेच्या अर्जावरील सात वर्षांहून अधिक विलंबामुळे. त्या विलंबासाठी न्यायालयाने सरकारी यंत्रणेच्या बेफिकिरीला दोष दिला. फाइल टेबलावर पडून राहिली, तेव्हा त्या दोघींबरोबरच त्या बालकांचे आईबापही वाट पाहत होते.

आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. फाशी यार्डात बसलेला प्रत्येक माणूस गुन्हेगारच असतो काय? महाराष्ट्रातील एका प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी ठरविली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी पुन्हा सुनावणी घेऊन सहाही जणांना निर्दोष ठरविले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्याला दिला. पाच लाखांत किती रात्री विकत घेता येतील? दर रात्री फाशीचे भय पांघरून झोपलेल्या निरपराध माणसाला त्या रात्री परत कोण देणार? आणि हे सहा जण श्रीमंत नव्हते, हे सांगायला नकोच. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देहान्त शिक्षेच्या बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल असल्याचे आढळले. भेटीला यायला ज्यांच्या आईजवळ एस.टी.चे भाडे नाही, अशांचाच तेथे भरणा अधिक.

२१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. हिंडलग्याचे ते चौघेही त्यांत होते. आमच्या बाजारातील सारे अंदाज फोल ठरले. त्या निर्णयाने काही साधे नियम घालून दिले. दयेचा अर्ज फेटाळल्याचे बंद्याला व त्याच्या कुटुंबाला लेखी कळवावे. त्यानंतर किमान चौदा दिवस जाऊ द्यावेत. वकील मिळावा. मनाची तपासणी व्हावी. घरच्यांशी अखेरची भेट व्हावी. वाचताना वाटते, की हे काय सांगावे लागते! पण सांगावे लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, ९ फेब्रुवारी २०१३ रोजी, तिहारमध्ये अफजल गुरूला फाशी देणार असल्याचे सरकारी पत्र काश्मीरमधील त्याच्या घरी पोहोचले, ते फाशी होऊन गेल्यावर. गुन्हा संसदेवरील हल्ल्याचा होता. पत्राची वाट पाहणारी मात्र बायको होती आणि मुलगा होता.

फाशी असावी की नसावी, या वादात मी आज शिरत नाही. सुज्ञ माणसे दोन्ही बाजूंना आहेत. माझे म्हणणे त्याहून लहान आहे आणि म्हणून, मला वाटते, कोणत्याही बाजूच्या माणसाला मान्य व्हावे असे आहे. शिक्षा जेवढी सुनावली तेवढीच द्यावी. तिच्याआधी दहा वर्षांचा अंधार जोडण्याचा अधिकार कोणा जेलरला नाही, कोणा कारकुनाला नाही. राजाचा दंड फार तीक्ष्ण झाला तर लोक त्याला भितात, फार मृदू झाला तर त्याला जुमानीत नाहीत, यथायोग्य असेल तरच त्याचा आदर करतात, हे कौटिल्याने आपल्याला केव्हाच सांगून ठेवले आहे. शाळेत आम्ही हेच पाळण्याचा यत्न करतो. पाच उठाबशा सांगितल्या, तर सहावी काढायला लावणारा शिक्षक शिस्तप्रिय नव्हे. तो स्वतःच बेशिस्त होय.

तो मुलगा आता मोठा झाला असेल. कदाचित त्याच रस्त्याने रोज कामावर जात असेल. त्याला सांगायचे ते एवढेच. बाळ, तो माणूस जेवतो. त्याच्या ताटात काय आहे, याची चौकशी कायदा करतो. त्याच्याशी दिवसभरात कोणी दोन शब्द बोलले का, ही चौकशी मात्र तुला-मला करावी लागेल. कारण ती भिंत ज्या सरकारने बांधली आहे, ते आपल्याच नावाने चालते. तुझा प्रश्न चांगला होता. मी तुला उगाच खाली बसविले.