तापीच्या उतारावरची धारणी

दर पावसाळ्यात धारणीचे नाव राज्यभर ऐकू येते. बालमृत्यूंचे आकडे छापून येतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात, एखाद्या मंत्र्याचा दौरा ठरतो आणि प्रत्येक बातमीत ‘अतिदुर्गम’ हे विशेषण न चुकता असते. हे विशेषण वाचले की वाटते, निसर्गानेच हा मुलूख माणसांपासून लांब ठेवला असावा आणि त्यात कुणाचा दोष नसावा. इतिहास मात्र तसे सांगत नाही.

धारणी ज्या मेळघाटात आहे त्याची रचना आधी पाहिली पाहिजे. गाविलगडाच्या डोंगररांगेची दक्षिण बाजू वऱ्हाडच्या मैदानात एकदम कोसळते. परतवाड्याहून घटांगचा घाट चढताना हे कुणालाही कळते. उत्तरेची बाजू मात्र सावकाश उतरत जाते. सिपना, गडगा, खापरा, खंडू या नद्या त्याच उताराने तापीकडे वाहतात. धारणी या उताराच्या पायथ्याशी, सिपनेच्या खोऱ्यात, तापीपासून थोड्याच अंतरावर वसली आहे. ज्या अमरावतीतून तिचा कारभार चालतो ते शहर डोंगराच्या पलीकडे, जवळपास दीडशे किलोमीटरवर आहे. बऱ्हाणपूर आणि खंडवा ही शहरे त्या मानाने कितीतरी जवळ. धारणीचे पाणी एका दिशेने वाहते आणि तिचे अर्ज दुसऱ्या दिशेने जातात. तिच्या दीडशे-दोनशे वर्षांच्या अडचणी इथून सुरू होतात.

मोगल काळात बऱ्हाणपूर हे खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या फौजांचा मुक्काम होता. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला तो याच तापीच्या खोऱ्यात. म्हणजे ज्याला आज आपण कोपरा म्हणतो, त्याच्या शेजारून त्या काळी हिंदुस्थानातला एक मोठा रस्ता जात होता. या डोंगरात राहणाऱ्या कोरकू आदिवासींचा पसारा तर त्याहून मोठा. त्यांची भाषा मुंडा कुळातली. झारखंडमधल्या संथाली, मुंडारी, हो या तिच्या बहिणी, आणि त्या कुळात सर्वांत पश्चिमेला बोलली जाणारी भाषा हीच. मेळघाट, खंडवा, बऱ्हाणपूर, बैतूल, हरदा हा सगळा कोरकूंचा एकच प्रदेश. होळीला सगळे आपल्या गावी परततात, मेघनाथाची पूजा होते, फगवा मागितला जातो. तापीच्या दोन्ही काठांवर हे सारखेच आहे.

१८०३ ची लढाई इथे आठवल्याशिवाय राहवत नाही. नोव्हेंबरअखेर अडगावला मराठ्यांचा पराभव झाल्यावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. किल्ला दक्षिणेकडून घेता येणार नव्हता. मग कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगराला वळसा घालून, वाट नव्हती तिथे वाट पाडून, अवजड तोफा हातांनी ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. इतिहासाच्या पुस्तकांत ही वेलस्लीची मर्दुमकी म्हणून येते. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. राज्यकर्त्याला गरज वाटली तेव्हा मेळघाटात काही दिवसांत तोफांचा रस्ता तयार झाला. आज याच मेळघाटातल्या कित्येक वस्त्यांवर पहिल्या मोठ्या पावसात रुग्णवाहिका पोचत नाही.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. मैदानात त्यांना कापूस दिसला, डोंगरात साग. १८६० च्या दशकात मेळघाटचा मोठा भाग राखीव जंगल झाला. ज्या कोरकूंची फिरती शेती त्याच जंगलात चालत होती, ते एका फटक्यात सरकारी जमिनीवरचे रहिवासी ठरले. तोडीला आणि लागवडीला मजूर हवे होते, म्हणून वनग्रामे वसवली गेली. कसायला जमीन मिळे, पण हक्काने नव्हे. जंगलखात्याच्या कामाला हजर राहण्याच्या अटीवर. या व्यवस्थेचा हिशेब व्हायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला, आणि तो हिशेब अजून पुरा झालेला नाही.

राखीव जंगलाच्या हद्दीनंतर दुसरी रेघ, राज्याच्या सीमेची, १९५६ मध्ये ओढली गेली. १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे धारणी, बऱ्हाणपूर, खंडवा आणि बैतूल एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपूर होती. भाषावार पुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, पुढे १९६० मध्ये महाराष्ट्रात. मराठी माणसाच्या दृष्टीने ते न्याय्यच होते. पण कोरकू भाषेचा विचार त्या वाटणीत कुणी केला नाही. एकाच समाजाची मुले तापीच्या अलीकडे मराठी शाळेत आणि पलीकडे हिंदी शाळेत बसू लागली. धारणीचे मूल घरी कोरकू बोलते, बाजारात हिंदी ऐकते आणि परीक्षा मराठीत देते. ते मूल मागे पडले की आपण त्याच्या आईबापांच्या अज्ञानाला बोल लावतो.

त्यानंतरचे पर्व वाघाचे. व्याघ्र प्रकल्पाची योजना १९७३ मध्ये सुरू झाली तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता, आणि महाराष्ट्रातला पहिला तोच. हे जंगल टिकले याचा अभिमान प्रत्येक वऱ्हाडी माणसाला असावा, मला आहे. पण गाभ्यातली गावे उठवून आकोट तालुक्याच्या सपाटीवर नेली गेली, तेव्हा जंगलावर जगणाऱ्यांना पैसे आणि जमीन देऊन प्रश्न मिटेल असे धरले गेले. काही कुटुंबे परत डोंगरात आली. जानेवारी २०१९ मध्ये त्यातून संघर्षही झाला. रेल्वेचेही तसेच झाले. धूळघाटाचे प्रसिद्ध वळण घेत धारणी तालुक्यातून जाणारी अकोला-खंडवा मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीपासून बंद आहे. रुंदीकरण व्याघ्र प्रकल्पातून नको, बाहेरून करा, ही मागणी रास्त आहे. मात्र जुनी गाडी गेली आणि नवी आली नाही, हा मधला काळ डोंगरातल्या माणसानेच सोसला.

१९९३ मध्ये इथले कुपोषणाचे मृत्यू देशासमोर आले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तीस वर्षे उलटली तरी सुनावण्या संपलेल्या नाहीत. कारणे काही गूढ नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाला घरातले धान्य संपलेले असते, पोटासाठी मैदानात गेलेली कुटुंबे पेरणीला नुकती परतलेली असतात, आई दिवसभर शेतात असते आणि नाले भरले की दवाखाना तुटतो. या चक्रात उभे राहून काम करणारी माणसेही इथेच आहेत. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी उभे आयुष्य दिले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उतावलीला डॉ. आशीष सातव यांचे रुग्णालय आहे. लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी बांबूच्या कामातून रोजगार उभा केला. त्यांच्यापुढे मान झुकते, पण त्यांच्या त्यागावर सरकारला आपली जबाबदारी भागवता येणार नाही.

आता धारणीच्या दारात आणखी एक मोठा निर्णय आला आहे. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी भोपाळमध्ये तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला. खंडवा जिल्हा आणि धारणी तालुका यांच्या हद्दीवर खारिया गुटीघाटजवळ तापीवर बंधारा होईल. एकूण ३१.१३ टीएमसी पाण्यापैकी १९.३६ टीएमसी महाराष्ट्राच्या वाट्याला येणार आहे. जळगाव आणि बुलढाण्याबरोबर अकोला-अमरावतीच्या खारपाण पट्ट्यालाही त्याचा आधार मिळेल. खारपाण पट्ट्यातल्या शेतकऱ्याने खारट पाणी पिऊन पिढ्या काढल्या. त्याला गोडे पाणी मिळायलाच हवे. तरीही एक विचारावेसे वाटते. तोफा, साग आणि वाघ या प्रत्येक वेळी निर्णय दुसरीकडे झाला आणि डोंगराला कळला तो काम सुरू होताना. पाण्याच्या वेळी तरी हे टाळता येणार नाही का?

कायदा याला पुरेसा आहे. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. बंधाऱ्याचा पूर्ण आराखडा, बुडणारी जमीन, कालव्यांची वाट आणि धारणी तालुक्याला स्वतःला मिळणारे पाणी ही सगळी माहिती कोरकूतून आणि हिंदीतून तापीकाठच्या प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि ग्रामसभेचा ठराव झाल्याशिवाय कुदळ मारू नये. अमरावती जिल्ह्याच्या सर्व लोकप्रतिनिधींनी, मैदानातल्यांनीसुद्धा, ही मागणी आपली म्हणून येत्या अधिवेशनात मांडावी.