गुलाबी थंडी, गुलाबी मणी

डिसेंबर उजाडला की आमच्या हॉस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. एक, सबमिशनची तारीख जाहीर होते. दोन, आंघोळीची तारीख पुढे ढकलली जाते! मेसमधला चहा दुप्पट खपतो आणि आठचं लेक्चर हे फक्त सरांसाठी असतं. पेपरात ‘राज्यात गुलाबी थंडीची चाहूल’ असं ठरलेलं हेडिंग येतं. खाली शेकोटीभोवती बसलेल्या आजोबांचा फोटो असतो. आतल्या पानावर महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दवबिंदू गोठल्याची बातमी, आणि ती वाचून आमच्यातले चार जण लगेच बाइकला किक मारायला तयार!

खोटं कशाला बोलू, थंडीबद्दलचं माझंही मत असंच गुलाबी होतं. मी मूळचा मुंबईचा. आमच्याकडे थंडी म्हणजे पाचवरचा पंखा दोनवर आणणे. मुंबईत २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, पण ते ऐकीव. त्यात शाळा कॉन्व्हेंट. दर ख्रिसमसला आम्ही गोठ्याच्या देखाव्यावर कापसाचा बर्फ पसरायचो आणि ड्रॉइंगच्या वहीत गाजराच्या नाकाचा स्नोमॅन काढायचो. आयुष्यात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे पाहिलेल्या मुलांनी काढलेला तो स्नोमॅन! थोडक्यात काय, तर ‘विंटर’ मला पाठ होता, थंडी माहीत नव्हती.

ती कळली गेल्या डिसेंबरात, निफाड तालुक्यात.

माझ्या रूममेटचं गाव तिकडे. घरची चार एकर द्राक्षबाग. “चल, द्राक्षं खायला ये,” म्हणाला, म्हणून गेलो. (द्राक्षं डिसेंबरात खायची नसतात, ती तेव्हा आंबट असतात, हेही तिथेच कळलं.) निफाडचा पारा म्हणून आपण जो आकडा वाचतो, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात तिथे १.८ अंशांची नोंद झाली. त्याच आठवड्यात, २९ डिसेंबरला, नागपूरला ३.५ अंश. मी गेलो तेव्हा इतकं काही नव्हतं, मोबाइल सात दाखवत होता. दोन स्वेटर घालून मी गोधडीत शिरलो आणि झोपलो.

रात्री दीड-दोनला जाग आली ती काकांच्या खोकण्याने. काका, म्हणजे रूममेटचे वडील, डोक्याला मफलर गुंडाळून बाहेर निघाले होते. लाइट आली होती. म्हणजे मोटर सुरू करायला हवी, ड्रिप बघायला हवं. आम्ही दोघंही मागे गेलो. पंधरा मिनिटांत माझी बोटं माझी राहिली नाहीत. काका मात्र चिखलात अनवाणी. “चप्पल रुतती रे, मग काढूनच ठेवतो,” म्हणाले.

पहाटे चारला बांधावर शेकोट्या पेटवल्या. छाटणीच्या काड्या, भुसा, पालापाचोळा. मी माझं ज्ञान पाजळलं, “काका, एकच मोठी पेटवू ना!” ते हसले. “मोठीची धग सरळ वर जाती. बारीक बारीक पाहिजेत, बागेत फिरती मग ऊब.” हीट ट्रान्सफरच्या व्हायवाला मी कन्डक्शन, कन्व्हेक्शन, रेडिएशन घडाघडा म्हणून दाखवलं होतं. ते प्रत्यक्षात कसं असतं हे त्या रात्री समजलं. आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला, की जमीन दिवसभरात घेतलेली उष्णता सरळ आकाशात टाकते. ती अडवायला ढगांचं पांघरूण नसतं. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि सखल भागात साचते. वर काही मीटरवर मात्र तुलनेने उबदार हवेचा थर असतो. एक मोठी आग तो थर भेदून वर निघून जाते; लहान लहान शेकोट्या खालची-वरची हवा तिथल्या तिथे ढवळतात. धुराची चादर होते असं बरेच जण मानतात, पण धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारं रेडिएशन त्यातून बहुतेक पार होतं. काम करते ती उष्णता. कॅलिफोर्नियातल्या बागांत उंच खांबांवर मोठे पंखे बसवतात, ते वरची उबदार हवा खाली ओढायला. काकांनी हे कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

पाण्याचंही तसंच. विहिरीचं पाणी हाताला चक्क कोमट लागत होतं. शिवाय कोरड्या मातीत हवा भरलेली असते आणि हवा ही उष्णतेची वाईट वाहक. ओली माती दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री ती हळूहळू वर देते.

मग काकांनी एक घड हातात घेतला आणि टॉर्च मारला. हा लवकर छाटणी केलेला प्लॉट होता, मण्यांत पाणी उतरलेलं. हिरव्या मण्यांमध्ये पाच-सहा मणी फिकट गुलाबी. मला आपले छान वाटले. काका म्हणाले, “ही बघ तुमची गुलाबी थंडी.”

याला द्राक्षवाले ‘पिंक बेरी’ म्हणतात. घड तयार होताना रात्री कडाका आणि दिवसा ऊन असं झालं, तापमानातली तफावत वाढली, की हिरव्या जातीचे मणी असे गुलाबी पडतात. चवीला तसा फरक नाही, पण परदेशात जाणाऱ्या मालाला रंग एकसारखा लागतो. असा घड मागे पडतो. मागाहून छाटलेल्या बागेत मण्यांची फुगवण थांबते, आणि जास्तच कडाका पडला तर मणी तडकतात. वर्षभराची मेहनत, औषधं, कर्ज, सगळं त्या आठ-दहा रात्रींवर अवलंबून. तेव्हापासून ‘गुलाबी थंडी’ हे हेडिंग दिसलं की मला ते पाच-सहा मणी आठवतात.

आता थंडी वाईटच असते असं माझं म्हणणं नाही. गव्हाला, हरभऱ्याला ती हवीच. माझा मुद्दा वेगळा आहे. थंडी कुणाच्या हातात नाही, पण तिच्यात कोण, किती वाजता, कुठल्या अवस्थेत उभं राहणार, हे बऱ्याच अंशी माणसांनी ठरवलेलं असतं. आणि त्यातलं पुष्कळसं इंजिनिअरिंग आहे!

उदाहरणार्थ, बाग वाचवायला पहाटेचा तास-दोन तास पुरला असता, मग काका दीडलाच का उठले? कारण लाइट तेव्हा आली. शेतीपंपांना पाळीने वीज मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. गव्हाला आणि कांद्याला पाणी देण्यासाठी तर रात्री उठायची काहीच गरज नाही, ते काम दुपारीही होतं. तरी हजारो माणसं डिसेंबरात रात्री ओल्या पायांनी वाफ्यात उभी असतात. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. माणसाचं शरीर सदतीस अंशांवरून पस्तिसाच्या खाली आलं की हायपोथर्मिया सुरू होतो, त्यासाठी बाहेर शून्य अंश असावं लागत नाही. ओले कपडे, वारा आणि रिकामं पोट पुरेसं होतं. हा प्रश्न हवामानाचा कमी आणि वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकाचा जास्त आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ती किती फीडरपर्यंत पोचली यावर भाषणं होतात, पण माझ्या मते हा थंडीपासून बचावाचासुद्धा कार्यक्रम आहे. कुणी तसं म्हणत मात्र नाही.

दुसरं उदाहरण त्याच बागेच्या कडेला होतं. पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेल्या मजुरांची पालं. चार बांबू, वर प्लास्टिकचा कागद, खाली जमिनीवर पोतं. दिवसभर त्या बायका एकेका घडाला कागद बांधतात, गुलाबी पडू नये म्हणून. एकेका घडाला! आणि रात्री त्यांची लेकरं एकेरी प्लास्टिकखाली झोपतात. हे मी काकांवर ठपका ठेवायला लिहीत नाहीये, काकूंनी त्या रात्री घरातल्या दोन गोधड्या तिकडे दिल्या होत्या. पण द्राक्षाच्या पॅकिंगवर इतका विचार करणारे आपण, माणसांच्या निवाऱ्यावर तेवढाही करत नाही, हे खरं आहे ना?

तिसरं उदाहरण शेतातलं नाही, आपलंच आहे. कॉलेजजवळ फ्लॅट घेऊन राहणारा आमचा एक सीनियर गेल्या हिवाळ्यात बाथरूममध्ये बेशुद्ध पडला. गॅस गीझर आतच, थंडी वाजते म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलेला. मित्रांनी दार तोडलं म्हणून वाचला. बंद जागेत ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. याला ना वास, ना रंग. बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपणाऱ्यांचंही हेच होतं. हे सगळं आपण फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत शिकलो आहोत. पुठ्ठा लावणारेही शिकले होते!

यावर माझ्या मित्रांचं म्हणणं दोन प्रकारचं असतं. एक, “आपल्याकडे थंडी चार दिवसांची, तेवढ्यासाठी कोण डोकं लावणार?” अरे, पण चार दिवसांची आहे म्हणूनच ती जास्त लागते. हवामान खात्याची व्याख्याच बघा ना. मैदानी भागात किमान तापमान दहा किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून कमी झालं की थंडीची लाट. किनाऱ्यावर तर पंधरा अंशांपासूनच तिचा विचार होतो. म्हणजे सवयीच्या किती खाली गेलं, यालाही खात्याच्या लेखी महत्त्व आहे. जिथे घरं, कपडे, वेळापत्रक काहीच थंडीसाठी केलेलं नसतं, तिथे सात अंशही भारी पडतात. आणि ज्या दुहेरी छपरामुळे डिसेंबरात ऊब राहील, तेच एप्रिलमध्ये उन्हाचा ताप कमी करेल.

दुसरं म्हणणं, “गावाकडच्या लोकांना सवय असते रे.” मीही हेच समजायचो. काकांना सवय आहे म्हणून थंडी वाजत नाही असं काही नाही. वाजते. पण न उठून सांगणार कुणाला?

दरवर्षी आपल्याकडे ब्लँकेट वाटपाचा कार्यक्रम होतो. चांगलाच आहे, मीही गेलो होतो, फोटोत डावीकडून तिसरा. पण ब्लँकेट तर कुणीही देऊ शकतं. आपण इंजिनिअर म्हणून काय देणार? माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी दरवर्षीचा लाइन फॉलोअर रोबो बाजूला ठेवून घडाच्या उंचीवर आणि त्याच्या वर दहा मीटरवर तापमान मोजणारं, ठरावीक आकड्याखाली पारा गेला की काकांच्या फोनवर रिंग देणारं साधं यंत्र करावं. म्हणजे निदान शेकोटीसाठी रात्रभर जागं राहायला नको. सिव्हिलवाल्यांनी पालाचा विचार करावा. अंगातली उष्णता खालच्या जमिनीतही जाते, त्यामुळे खाली पेंढा, पुठ्ठा, पॅकिंगचा थर आणि वर दोन कागदांमध्ये चार बोटं हवा, एवढ्यानेही फरक पडेल. मोजून बघायला आपल्याकडे लॅब आहे. आणि मेकॅनिकलवाल्यांनी, म्हणजे आम्ही, कॉलेजच्या आसपासच्या सगळ्या फ्लॅटमधले गीझर तपासायचे. गीझर बाथरूमच्या बाहेर आहे का, धूर बाहेर जायला पाइप आहे का, खिडकी उघडी आहे का. एका रविवारचं काम आहे. नावं माझ्याकडे द्या, खोली नंबर सगळ्यांना माहीत आहे.

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी. लेख वाचून झाला असेल तर आधी उठून बाथरूमच्या खिडकीचा पुठ्ठा काढा. थोडं गार लागेल. बाकी आंघोळ करायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न!