वाड्यांत समुद्र आणतांना

गेल्या महिन्यांत वणीहून एका वयोवृद्ध वाचकांचें पत्र आलें. ते लिहितात: “आमचें एकत्र कुटुंब, लहानमोठीं मिळून चौदा माणसें. धाकटा नातू नाशिकास महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकतो. मुंबईस एका स्नेह्याकडे काचेच्या टाकींत त्यानें एक लहानशी मुशी पाहिली. तिला तो ‘बांबू शार्क’ म्हणतो. तेव्हांपासून आपल्या ओसरीवर तशी टाकी असावी असा ध्यास त्यानें घेतला आहे. अंडें विकत मिळतें, तें घरींच फुटतें, आणि मासा कोणास इजा करीत नाहीं, असें तो सांगतो. खर्चाचें आम्ही पाहून घेऊं. त्याच्या आजीचें म्हणणें इतकेंच कीं, स्वयंपाकघरास त्याचा संसर्ग नको. तो आठवडाभर नाशिकास असतो. तेवढे दिवस देखरेख थोरल्या सूनबाई करतील. तरी हें साधण्याजोगें आहे कीं नाहीं, तें कृपा करून कळवावें.”

या पत्रांतील बहुतेक प्रश्नांचीं उत्तरें शास्त्रापाशीं आहेत. एका वाक्याचें उत्तर मात्र शास्त्रापाशीं नाहीं. त्याकडे शेवटीं वळूं.

प्रथम नातवाच्या पदरांत त्याचें माप घातलें पाहिजे. तो म्हणतो तें पुष्कळसें खरें आहे. ज्या वाचकांनीं पूर्वीं महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचा अभ्यास केला असेल त्यांस ‘स्कोलिओडॉन’ हें नांव आठवत असेल. आपल्या किनाऱ्यावर विपुल सांपडणारी ही लहान मुशी विच्छेदनासाठीं टेबलावर येत असे. आणि लखनौच्या इझाबेला थोबर्न महाविद्यालयांतील मुथम्मा थिल्लयंपलम या विदुषींनीं १९२८ सालीं तिजवर लिहिलेला ग्रंथ विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं वापरला. परंतु ती मुशी टाकींत ठेवण्यासारखी नव्हे. तिच्या जातीच्या माशांस श्वासासाठीं सतत पोहत राहावें लागतें. पुढें सरकतांना तोंडांतून शिरलेलें पाणी कल्ल्यांवरून वाहतें तेव्हांच त्यांस प्राणवायु मिळतो. बांबू शार्कची तऱ्हा निराळी. ती तळाशीं स्वस्थ पडून राहते, तोंडाच्या स्नायूंनीं पाणी आंत ओढून कल्ल्यांतून बाहेर सोडते, दिवसा कपारींत दडते आणि रात्रीं भक्ष्य शोधीत फिरते. म्हणूनच ती बंदिवासांत टिकते.

तिचें अंडें म्हणजे चपटी, तपकिरी, चामड्यासारखी थैली. मागें दिवा धरला असतां आंतील पिलाची वळवळ व पिवळा बलक स्पष्ट दिसतो. अडीच ते चार महिन्यांनीं वीतभराहूनहि लहान असें पिलूं बाहेर येतें. पुष्कळदां त्याच्या अंगावर आडवे पट्टे असतात. हा देखावा ज्या मुलानें एकदां पाहिला, त्याला ध्यास लागला यांत नवल नाहीं. आम्हांसहि लागला असता.

परंतु वीतभर पिलूं वीतभर राहत नाहीं. कांहीं वर्षांतच तें अडीच फूट, आणि कांहीं जातींत त्याहून बरेंच अधिक लांब होतें. नीट सांभाळल्यास वीसएक वर्षें जगतें. मोठ्या मुशीस सहज वळतां यावें म्हणून आठ फूट लांब, चार फूट रुंद व दोन फूट खोल अशी टाकी धरूं. तींत सुमारें १८०० लिटर पाणी मावतें. काच सोडून नुसत्या पाण्याचेंच वजन साडेअठराशे किलोच्या घरांत जातें. जुन्या वाड्याच्या माडीवर एवढा भार घालणें धोक्याचें. ओसरीच्या जोत्यावरहि गवंड्यास विचारूनच घालावा.

आतां मीठ. समुद्राच्या एका लिटरांत सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबानें टाकी प्रथम भरण्यासच ६३ किलो लागतात. हें आपलें घरचें मीठ नव्हे. समुद्राच्या क्षारांत घरच्या मिठाचा वाटा चार भागांपैकीं तीनांहून थोडा अधिक. उरलेल्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, गंधकाचे क्षार वगैरे असून तेहि तितकेच आवश्यक आहेत. यासाठीं तयार मिश्रण विकत घ्यावें लागतें. अरबी समुद्र वणीपासून सरळ रेषेंतहि शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. तेव्हां समुद्र आणावयाचा तो पोत्यांतूनच.

तो आणल्यावर राखणें हेंच खरें काम आहे. माशाच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो, आणि तो माशास विष आहे. कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात व दुसरे त्या नायट्राइटचें पुष्कळ सौम्य असें नायट्रेट करितात. हे जंतु टाकींत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे, कधीं त्याहूनहि अधिक लागतात. आपल्या गृहिणींस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं; विरजण लागल्यावांचून दहीं होत नाहीं, आणि घाई केल्यास दूध नासतें, इतकेंच हें आहे. हौशी लोकांच्या टाक्यांत मासे मरतात ते बहुतेक या विरजणाच्या घाईनें मरतात.

नायट्रेट मात्र सांचत जातें. तें कमी करण्यासाठीं दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावें असें धरल्यास १८० लिटर पाणी व सहा किलोंहून अधिक मीठ लागतें. वर्षाचा हिशेब सव्वातीनशे किलोंवर जातो. गोडें पाणीहि गाळून शुद्ध केलेलें हवें. नाशिक जिल्ह्यांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणारीं गांवें आहेत, हें ओसरीवरच्या हौसेनें विसरूं नये.

काढलेलें खारें पाणी टाकणार कोठें, हा प्रश्न नातवानें बहुधा विचारांत घेतला नसावा. तें परसांत ओतलें तर तुळशीपासून केळीपर्यंत सर्व जळेल. वणी-दिंडोरीकडील द्राक्षांच्या मळ्यांस तर खारेपणा मुळींच मानवत नाहीं. सप्तशृंगाच्या डोंगररांगेच्या उत्तरेस पडलेला पाऊस गिरणेंतून तापीस मिळतो, आणि दक्षिणेचा कादवेंतून गोदावरीस. वणी दक्षिणेच्या अंगास आहे. तेव्हां आपल्या मोरींतून गेलेलें मीठ कोणाच्या तरी विहिरीवरून, कोणाच्या तरी शेतावरून पुढें जाणार. आठवड्यास सहा किलो थोडें वाटतें, पण तें दर आठवड्यास आहे.

उन्हाळ्यांत दुसरें एक संकट येतें. वाऱ्यानें व उष्णतेनें टाकींतील पाणी आटतें. मीठ मात्र आटत नाहीं. अशा वेळीं पुष्कळ जण खारेंच पाणी वर ओततात आणि खारेपणा आणखी वाढवितात. आमटी आटून खारट झाली तर तींत आपण साधें पाणी घालतों, तोच न्याय येथेंहि. परंतु तें थोडथोडें घातलें पाहिजे. मुशी आपल्या रक्तांत युरिया नांवाचें द्रव्य राखून समुद्राच्या खारेपणाशीं शरीराचा तोल सांभाळते. (मेलेल्या मुशीस अमोनियाचा उग्र दर्प येतो तो यामुळेंच.) सभोंवतालचें पाणी एकाएकीं गोडें झालें कीं तें तिच्या शरीरांत शिरूं लागतें व तोल ढळतो. त्याचप्रमाणें तांब्याच्या हंड्यांतलें पाणी आपण शुद्ध मानतों. पण विरघळलेलें तांबें मुशीस अपाय करितें. मत्स्यरोगांवरील कित्येक औषधांत तांबें असतें, तींहि तिला वर्ज्य. टाकींत तांब्या-पितळेचें भांडें चुकूनहि बुडवूं नये.

पाणी साधारण २४ ते २७ अंशांवर राखावें लागतें. वैशाखांत त्यासाठीं पाणी थंड करणारें यंत्र हवें. पंप अहोरात्र चालला पाहिजे. पावसाळ्याच्या रात्रीं वीज गेली आणि पंप कांहीं तास बंद पडला, तर मुशी गुदमरूं लागते. घरच्या दिव्यांसाठीं घेतलेला इन्व्हर्टर त्या रात्रीं कोणाच्या कामीं यावा, मुलांच्या पंख्याच्या कीं मुशीच्या पंपाच्या, हें आधींच ठरवून ठेवावें.

आहार म्हणजे कोळंबी, माकूळ, मासळीचे तुकडे. आठवड्यांतून दोनतीन वेळां. त्यासाठीं निराळी शीतपेटी, निराळी सुरी, निराळा पाट हवा. आजींची अट पाळतां येईल. मात्र ती पाळणारा हात कोणाचा, हें ठरलें पाहिजे. आयोडीन कमी पडल्यास बंदिस्त मुशींस गलगंड होतो. डोंगराळ मुलखांतील माणसांस होणारा रोग समुद्राच्या माशास व्हावा, ही कृत्रिम समुद्राची खूणच होय.

मोठमोठ्या संस्थांसहि हें काम सोपें गेलेलें नाहीं. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर उघडलें. समोर रस्त्यापलीकडे प्रत्यक्ष समुद्र, पाठीशीं सरकारचें मत्स्यव्यवसाय खातें, दिमतीस पगारी नोकर. तरीहि वारंवार डागडुजी करावी लागली, २०१५ सालीं नूतनीकरण करून तें पुन्हा उघडावें लागलें, आणि पुढें कोविडच्या सांथींत त्याचीं दारें बंद झालीं. अमेरिकेंतील मॉंटेरे बे मत्स्यालयानें २००४ सालीं एक लहान पांढरा शार्क प्रचंड हौदांत ठेवला. १९८ दिवसांनीं त्यांनीं तो समुद्रांत परत सोडला. बांबू शार्क इतका अवघड नाहीं हें खरें. पण जेथें समुद्र दारांत होता तेथेंहि माणसें दमलीं, एवढें लक्षांत असावें.

कायद्याचीहि एक गोष्ट. शार्कच्या कांहीं जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं येतात. सर्वांत मोठा मासा जो व्हेल शार्क, त्यास २००१ सालीं हें संरक्षण मिळालें. विकणारा सांगेल त्या नांवावर विसंबून न राहतां जात कोणती व ती बाळगतां येते कीं नाहीं, याची चौकशी वनखात्याकडे करून लेखी उत्तर घ्यावें.

आतां त्या वाक्याकडे वळूं. “देखरेख थोरल्या सूनबाई करतील.” आम्ही आदरपूर्वक विचारतों: हें सूनबाईंनीं सांगितलें, कीं सूनबाईंच्या वतीनें सांगितलें गेलें?

एकत्र कुटुंबाचा मोठा गुण हा कीं, कोणतेंहि काम पडून राहत नाहीं. त्याचा दोषहि तोच. पडलेलें काम नेहमीं एकाच कोणाच्या तरी हातीं जातें. हौसेनें आणलेल्या गुलाबाच्या कुंड्या, धाकट्यानें उचलून आणलेलें कुत्र्याचें पिलूं, कोणाच्या तरी मनांत भरलेली मधमाश्यांची पेटी; वर्षानंतर यांना पाणी, भाकरी, सावली कोण देतें, तें प्रत्येक घरानें आपल्याशीं पाहावें. नातवाचें शिक्षण दोनतीन वर्षांत संपेल. मग नोकरी पुण्यास, बंगळूरास किंवा परदेशीं. मुशीचें आयुष्य वीस वर्षांचें. हौस नाशिकहून पुढें निघून जाईल. १८० लिटर पाणी मात्र दर आठवड्यास वणीच्या ओसरीवर बदलावें लागेल. सूनबाई तोंवर पन्नाशी ओलांडतील. ज्या प्राण्यासाठीं त्या रात्रीं उठतील तो त्यांनीं मागितला नव्हता. आणि त्या उठल्या नाहींत तर एक मुका जीव काचेच्या आड हळूहळू मरेल, व त्याचा बोल कोणास लागेल हें सांगावयास नको.

यास्तव आमचा सल्ला नकाराचा नाहीं, क्रमाचा आहे. नातवानें प्रथम वर्षभर नुसतें पाणी पाळावें. शंभर लिटरांची टाकी घ्यावी. पहिले दोन महिने मासा नको. खारेपणा, उष्णता, अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजून वहींत लिहावें. नंतर हवी तर विदूषक माशांची जोडी आणावी. यांची पैदास आपल्याकडील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें बंदिस्त पाण्यांत करून दाखविली आहे. तेव्हां समुद्रांतून पकडलेली नव्हे, अशी पैदाशीची जोडीच मागावी. नातू नसेल त्या दिवसांच्या पाळ्या घरांतील पुरुषांनीं वांटून घ्याव्या, आणि ज्यानें काम केलें त्यानेंच वहींत सही करावी. सूनबाईंकडे फक्त वही तपासण्याचा अधिकार असावा.

वर्षाअखेर ती वही उघडावी. तींत एकहि दिवस कोरा नसेल, आणि मोठ्या टाकीस सूनबाईंचा स्वतःचा होकार असेल, तर मुशीचा विचार अवश्य करावा. ज्या घरानें पाणी पाळलें तें घर मासाहि पाळील. वही कोरी राहिली, तर घरानें कांहीं गमावलें असें नाहीं. नातवास सुटींत डहाणूकडे किंवा कोंकणांत किनाऱ्यावर पाठवावें. तेथें बंदरावर उतरणारी मासळी पाहावी, कोळ्यांशीं बोलावें, ओहोटीच्या वेळीं खडकांतील डबक्यांपाशीं बसावें. तेथें समुद्र फुकट आहे व त्याची निगा कोणास करावी लागत नाहीं.

नातवास आमचे आशीर्वाद; त्याची जिज्ञासा मोलाची आहे. आणि आपणांस विनंति कीं, हा लेख सूनबाईंस वाचावयास द्यावा. त्यांचें उत्तर त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरांत आलें, तर तें आम्ही आनंदानें येथें छापूं.