अष्टपैलू म्हणू नका हो!

एखाद्याचे काम नीट न पाहता त्याचे कौतुक करायचे असेल तर आमच्याकडे त्याला 'अष्टपैलू' म्हणतात. सत्कारसमारंभातली शाल, श्रीफळ आणि हा शब्द एकाच दुकानातून येत असावेत. त्यातल्या नारळाचे निदान खोबरे तरी होते.

दिलीप प्रभावळकरांना हा शब्द किती वेळा ऐकून घ्यावा लागला, त्याचा हिशेब चित्रगुप्तालाच ठाऊक. वक्ता खिशातून चिठ्ठी काढतो आणि वाणसामानाची यादी वाचावी तसा वाचत सुटतो : चिमणराव, नंदू, तात्या विंचू, आबा टिपरे, गांधीजी. टाळ्या. मग ठरलेले वाक्य, "एकच माणूस, पण ओळखूच येत नाही हो!" अहो, ओळखू न येणे हीच जर थोरवी, तर आधार कार्डावरच्या फोटोत आपण सगळेच थोर नट आहोत.

चिं. वि. जोश्यांचा चिमणराव 1970 च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर आला, तेव्हा ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या बाहेरच्या खोलीत सगळी चाळ जमायची. शेजारी बाळ कर्व्यांचा आडदांड गुंड्याभाऊ. असा घाबरट, बढाईखोर कारकून हाती लागला की कोणीही त्याची टिंगल करून हशा वसूल केला असता. प्रभावळकरांनी ती केली नाही. चिमणराव स्वतःला शहाणा समजतो ना, मग या नटानेही त्याला शहाणाच समजून घेतले. खोलीत सगळे हसत, आणि यात हसण्यासारखे काय आहे ते एकट्या चिमणरावाला कळत नसे.

1991 साली 'चौकट राजा'तला मतिमंद नंदू आणि 1993 साली 'झपाटलेला'तला गुंड तात्या विंचू. केवढा फरक, असे चिठ्ठीवाले म्हणतात. मला उलट साम्य दिसते. नंदू आपल्याकडे कीव मागत नाही आणि तात्या विंचू 'गंमत करतोय बरं का' म्हणून डोळा मिचकावत नाही. बाहुला रामदास पाध्यांचा, पण त्याच्यातला द्वेष शंभर नंबरी. म्हणून तर त्या वर्षी पुष्कळ घरांतल्या बाहुल्या रात्री कपाटात गेल्या. हे आठ पैलू नव्हेत हो! हा एकच पैलू आहे : समोरच्या पात्राला खोटे पाडायचे नाही. 2001 साली, सत्तावन्नाव्या वर्षी, हे गृहस्थ स्वतःच्याच 'अनुदिनी'तून आबा टिपरे होऊन आले. घरच्या खऱ्या आजोबांना 'तुम्ही जरा गप्प बसा' असे सांगून आपण त्या आबांचे बोलणे ऐकत बसलो.

माझा खरा राग पुढेच आहे. 'अष्टपैलू' म्हटले की मला क्रिकेट आठवते. थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी, म्हणून पाठवा सातव्या नंबरावर! सिनेमातही तेच. जो नट वर्षानुवर्षे फक्त शर्ट बदलतो त्याचे नाव पोस्टरवर सर्वांत मोठे. त्याला 'एकपैलू' म्हणायची कोणाची छाती नाही. आणि ज्याला काहीही जमते त्याला काहीही देतात, मधली जागा सोडून. 'चौकट राजा', 'नारबाची वाडी' हे अपवाद. नाटकात एका रात्रीत सहा भूमिका करायच्या होत्या, त्यांतली एक बाईची, तर 'हसवाफसवी' स्वतःच लिहावे लागले. त्यातला म्हातारा गायकनट कृष्णराव हेरंबकर पाहताना हसावे की डोळे पुसावे ते कळत नसे.

2006 च्या 'लगे रहो मुन्नाभाई'बद्दल ('शेवरी'सह) राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सहायक अभिनेत्याचा. महात्मा गांधी, सहायक! गोष्ट मुन्नाची होती, कबूल. पण पुतळ्यातून उतरून हळूच थट्टा करणारा म्हातारा काढून घ्या आणि मग मुन्नाकडे काय उरते ते सांगा. दोनच वर्षांनी हाच माणूस 'सरकार राज'मध्ये कारस्थानी रावसाहेब झाला, तेही तितक्याच मऊ आवाजात. त्या मऊपणाने मला तरी जास्त धडकी भरली.

2025 साली 'दशावतार' आला. कोकणातला दशावतारी बाबुली मेस्त्री, आणि तो करणारे प्रभावळकर एक्याऐंशी वर्षांचे. या खेपेला मधली जागा त्यांचीच. पण कौतुकवाले कुठले सुधारायला! आता नवा शब्द निघाला आहे, 'या वयातही'. जणू बाबुलीचे दुःख जन्मदाखला पाहून मोजायचे असते.

परवा एक स्नेही सांगत होते, "या वयात दहा अवतार! आता दशपैलूच म्हणायला हवे."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "पिक्चर कुठे पाहिलात?"

"छे हो," ते म्हणाले, "ट्रेलर पाहिला की!"