आचारी सोबत आहे, चालकाचं काय?

श्रावण जवळ आला की पंचवटीत पशुपतिनाथ-मुक्तिनाथ यात्रेची पत्रकं हातोहात फिरू लागतात. शुद्ध शाकाहारी भोजन, आचारी सोबत, दोन वेळचा चहा, मुक्कामाची सोय. घाटात गाडी कोण चालवणार, दरड कोसळून रस्ता बंद झाला तर पुढे काय, यावर अवाक्षर नाही. आपणही विचारत नाही. व्हिसा लागत नाही, मग नेपाळ कसला परदेश!

२३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली भाविकांची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातली, वरणगाव-भुसावळ भागातली माणसं. २७ जण गेले. त्याआधी सहाच आठवडे, १२ जुलैला, चितवनमधल्या सिमलतालला दरडीने दोन बस त्रिशूली नदीत लोटल्या होत्या. मर्स्यांगदीचा अपघात दरडीमुळे झाला, असं मी म्हणत नाही. पण भर पावसाळ्यात त्या रस्त्यांवर जावं का, हा प्रश्न जुलैतच पडायला हवा होता.

तो विचारायचा कुणाला? यात्रा कंपनीला जागा भरायच्या असतात. नात्यातले ‘आम्ही जाऊन आलो, काही होत नाही’ म्हणतात. त्यांना काही झालं नाही, एवढंच त्यातून कळतं. आपलं परराष्ट्र मंत्रालय पेच उभा राहिला की सूचना काढतं. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडू पेटलं, तेव्हा परिस्थिती निवळेपर्यंत प्रवास पुढे ढकला, असं त्यांनी सांगितलं होतं. ते योग्यच, पण रोजच्या धोक्यांचं काय? ब्रिटिश सरकार देशोदेशीच्या धोक्यांची माहिती संकेतस्थळावर ठेवतं, त्यात नेपाळचा पावसाळा आणि तिथले रस्तेही असतात. कुणीही फुकट वाचावी. आपल्या सरकारला हे मराठीत का जमू नये? नेपाळच्या जल तथा मौसम विज्ञान विभागाचे पूर-पावसाचे अंदाजही बघावेत. भाषा नेपाळी असली तरी लिपी आपलीच आहे.

आणखी एक. विमानाने जाणार असाल तर नुसत्या आधारकार्डावर भिस्त ठेवू नका. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. सवलत फक्त १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना.

यात्रा कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा : चालक किती, रात्री घाटात गाडी चालवणार का, रस्ता बंद झाला तर पैशांचं काय? उत्तर लेखी मिळालं नाही तर आगाऊ रक्कम भरू नका.