पंच्याऐंशी टक्के हजेरी, तरी मुलगी घरी

माझा भाचा महापेला एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला असतो. सर्व्हरवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. एकदा जेवताना मी विचारलं, "बिघाड झालाय हे तुला कळतं कसं?" तो म्हणाला, "खाला, दर मिनिटाला किती चुका होतायत त्याचा वेग काढतो. पण तो मागच्या किती मिनिटांवरून काढायचा, हेच खरं डोकं."

तो प्रोमिथियस नावाची प्रणाली वापरतो. दर पंधरा सेकंदांनी एक नोंद येत असेल, तर वेग निदान एका मिनिटावरून, म्हणजे चार नोंदींवरून काढावा, असा त्यांच्यात संकेत आहे. मुदत फार छोटी ठेवली, तर एकदोन चुकांनीही भोंगा वाजतो आणि रोज उगाच वाजणाऱ्या भोंग्याकडे कुणी बघत नाही. पूर्ण दिवसाची ठेवली, तर दहा मिनिटांचा मोठा बिघाड सरासरीत विरघळून जातो.

26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. सरासरी तासाला सुमारे 39. पण सकाळी पाऊस नावालाच होता, बहुतेक सगळा दुपारनंतर कोसळला. मुंबईची जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली. गटार तुंबतं ते त्या तासातल्या पावसाने, दिवसाच्या सरासरीने नव्हे.

हे ऐकताना मला माझा हजेरीपट आठवत होता.

आठवीतली एक मुलगी. सप्टेंबरअखेर शाळेचे 80 दिवस भरले होते, त्यांतले 68 ती हजर. म्हणजे 85 टक्के. तक्त्यात तिचं नाव "समाधानकारक" रकान्यात. पण तिच्या बारा गैरहजेऱ्या शेवटच्या सलग बारा दिवसांच्या होत्या! मागच्या दहा दिवसांचाच हिशेब केला असता, तर उत्तर शून्य आलं असतं. मी घरी गेले तेव्हा ती चुलीपाशी होती. अम्मी बाळंतीण, धाकटी भावंडं तिच्या गळ्यात. अब्बूंशी बोलून ती परत आली, पण सहामाही तोंडावर होती आणि गणिताचे दोन धडे बुडाले होते.

आपल्या राज्यात सतत महिनाभर न आलेलं मूल शाळाबाह्य धरतात. मोजणीसाठी ही मुदत ठीक असेल. पण मूल वाचवायला ती फार लांब आहे. महिन्याभरात घराला मुलीच्या हातांची सवय होते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वर्षाची टक्केवारी कागदासाठी राहू द्या. वर्गशिक्षकाने दर शनिवारी मागच्या दहा शाळेच्या दिवसांचा वेगळा हिशेब करावा. एका दिवसाच्या गैरहजेरीवर फोन नको, बासी ईदला अर्धा वर्ग नसतोच. दहात तीन दिवस बुडाले तर फोन. पाच बुडाले तर घरी भेट. साठ मुलांच्या वर्गाला हे वीस मिनिटांचं काम आहे.

बी.एड.ला आम्हाला सरासरी काढायला शिकवलं. ती किती दिवसांची काढायची, हे मात्र त्या रिकाम्या बाकाने शिकवलं.