मत एकाकडे, करार दुसऱ्याकडे

सासष्टी तालुक्यातील एकाच घरातले दोन सख्खे भाऊ कल्पावेत. दोघेही पोटापाण्यासाठी इंग्लंडला गेले आणि स्विंडनमध्ये राहू लागले. थोरल्याने भारतीय पारपत्र कायम ठेवले व नोकरीच्या व्हिसावर तेथे पाऊल ठेवले. धाकट्याने आजोबांच्या जन्मनोंदीच्या आधारे लिस्बनच्या दप्तरात आपले नाव चढवून पोर्तुगीज नागरिकत्व मिळविले. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय महासंघात राहावे की बाहेर पडावे या प्रश्नावर सार्वमत झाले, तेव्हा थोरल्याला मत होते. राष्ट्रकुलातील देशांचे जे नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर वास्तव्य करतात त्यांना तेथील संसदीय निवडणुकीत मतदान करता येते, आणि सार्वमतासाठी तोच नियम आधारभूत धरण्यात आला होता. धाकट्याला मात्र मत नव्हते. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस यांचा अपवाद वगळता महासंघातील देशांच्या रहिवाशांना सार्वमतापासून दूरच ठेवण्यात आले होते. ज्याच्या वास्तव्याच्या हक्काचा फैसला होणार होता तो मतदान केंद्राबाहेर, आणि ज्याचा या वादाशी संबंध दूरचा तो आत, असा हा विचित्र प्रकार होता. ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला.

धाकट्यासारखे गोमंतकीय अपवादात्मक नव्हेत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करण्याची मुभा पोर्तुगालच्या कायद्याने दिली. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात सामील झाला आणि या नागरिकत्वाचे मोल एकदम वाढले. लिस्बनची नोंद हे लंडनचे तिकीट ठरले. साउथॉल आणि स्विंडनमध्ये गोमंतकीयांच्या, तर लेस्टरमध्ये दमण-दीवच्या कुटुंबांच्या वस्त्या उभ्या राहिल्या त्या याच वाटेने. पोर्तुगालशी यातील अनेकांचा संबंध कागदापुरताच होता. त्यांनी निवड केली होती ती महासंघातील मुक्त संचाराची. ब्रिटन बाहेर पडल्यावर त्या निवडीचा पायाच डळमळला.

सार्वमताच्या प्रचारात या लक्षावधी रहिवाशांना दिलासा देण्यात कोणीच कसूर केली नव्हती. १ जून २०१६ रोजी बोरिस जॉन्सन, मायकेल गोव्ह, प्रीती पटेल आणि गिझेला स्टुअर्ट यांनी संयुक्त निवेदन काढून, ब्रिटनमध्ये आधीपासून राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना कायम वास्तव्याची परवानगी आपोआप मिळेल, त्यांच्या स्थितीत काहीही उणे होणार नाही, अशी हमी दिली. हमी देणारे तेव्हा मोहिमेचे नेते होते, सरकार नव्हते, हा त्यातला फरक पुढे चांगलाच महाग पडला. ऑक्टोबर २०१६ मध्ये, नव्या मंत्रिमंडळातील व्यापारमंत्री लिअम फॉक्स यांनी हुजूर पक्षाच्या अधिवेशनकाळात, अशी हमी आधीच देणे म्हणजे वाटाघाटीतील एक प्रमुख पत्ता सोडून देणे होय, अशा आशयाचे विधान केले. चार महिन्यांपूर्वी शेजारी असलेली माणसे हुकमाचे पत्ते झाली होती.

संसदेने या पत्त्यांची बाजू घेतली का? घेतली, पण निम्म्याच संसदेने. महासंघाला सोडचिठ्ठीची नोटीस देण्यासाठी संसदेची संमती लागेल, असा निर्णय जिना मिलर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०१७ रोजी आठ विरुद्ध तीन अशा बहुमताने दिला आणि थेरेसा मे सरकारला विधेयक आणावे लागले. १ मार्च रोजी लॉर्ड्स सभागृहाने ३५८ विरुद्ध २५६ मतांनी त्यात दुरुस्ती सुचविली: युरोपीय नागरिकांचे हक्क वाटाघाटींची वाट न पाहता सुरक्षित करावेत. लोकनियुक्त कॉमन्सने १३ मार्च रोजी ३३५ विरुद्ध २८७ मतांनी ती फेटाळली. ज्या सभागृहाला कोणी निवडून देत नाही त्याने मताधिकार नसलेल्यांची कड घ्यावी आणि निवडून आलेल्यांनी ती नाकारावी, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. कॉमन्सचे सदस्य मतदारांकडे पाहत होते, आणि धाकटा भाऊ मतदार नव्हता.

त्यानंतरची अडीच वर्षे वेस्टमिन्स्टरच्या इतिहासातील सर्वांत गोंधळाच्या काळात मोडतील. २०१७ च्या मुदतपूर्व निवडणुकीत मे यांनी असलेले बहुमत गमावले. माघारीचा करार तयार झाला, तो १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ अशा अभूतपूर्व फरकाने पराभूत झाला आणि मार्चमध्ये आणखी दोनदा आपटला. बाहेर पडण्याची तारीख २९ मार्चवरून १२ एप्रिलला, तेथून ३१ ऑक्टोबरला आणि अखेरीस ३१ जानेवारी २०२० ला गेली. प्रत्येक तारखेला 'कराराविना माघार' ही तलवार टांगलेलीच होती, आणि करारच नसेल तर रहिवाशांचे हक्क केवळ गृहखात्याच्या मर्जीवर उरणार होते. याच काळात एक प्रसंग घडला, जो संसदीय रिवाजांच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवावा. हुजूर पक्षाचे आल्बर्टो कोस्टा यांनी, मुख्य कराराचे काहीही होवो, नागरिकांच्या हक्कांचा भाग वेगळा काढून तो जपावा, अशी दुरुस्ती मांडली. कोस्टा हे एका मंत्र्याचे संसदीय सहायक होते. सरकारच्या प्रस्तावाला दुरुस्ती सुचवायची तर पद सोडणे भाग, म्हणून त्यांना पद सोडावे लागले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी तीच दुरुस्ती सरकारने मान्य केली आणि सभागृहाने ती मतविभागणीविना संमत केली. दुरुस्ती राहिली, सहायक गेला. महासंघाने मात्र हक्कांचा भाग वेगळा काढण्यास उत्साह दाखविला नाही.

अखेर डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत जॉन्सन यांना ८० चे मताधिक्य मिळाले, करार संमत झाला, ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळही संपला. करारातील नागरिकांच्या हक्कांचा भाग तसा भक्कम आहे. खरी मेख त्याच्या अठराव्या कलमात आहे. हक्क आधीपासूनच आहे आणि कागद हा केवळ त्याचा पुरावा, असे मानायचे, की अर्ज करून मंजुरी मिळाल्याशिवाय हक्कच उत्पन्न होत नाही असे मानायचे, ही निवड या कलमाने प्रत्येक देशावर सोडली. महासंघातील चौदा देशांनी पहिला मार्ग पत्करला, तेरा देशांनी दुसरा. ब्रिटनने दुसरा पत्करला. जॉन्सन-पटेल निवेदनातील 'आपोआप' हा शब्द येथे निकालात निघाला. आणि ३० जून २०२१ रोजी अर्जाची मुदत संपली तेव्हा पंतप्रधान जॉन्सन होते व गृहमंत्री प्रीती पटेल.

ब्रिटिश नोकरशाहीला श्रेयही दिले पाहिजे. पासष्ट पौंडांचे शुल्क टीकेनंतर रद्द झाले, अर्ज भ्रमणध्वनीवरून भरता येत होता आणि बहुसंख्य अर्जदारांना मंजुरी मिळाली. राजकीय चर्चेत तीस लाख रहिवाशांचा आकडा रूढ होता. मुदतीपर्यंत अर्ज आले साठ लाखांहून अधिक. स्वतःच्या देशात कोण राहते याचा राज्यसंस्थेला पत्ताच नव्हता, असा याचा अर्थ. पाच वर्षांचे वास्तव्य असलेल्यांना 'सेटल्ड' आणि त्याहून कमी असलेल्यांना 'प्री-सेटल्ड' असा दर्जा मिळाला. पण हातात कागद नाही, कार्ड नाही; हक्क संगणकाच्या पडद्यावर. २०१८ मध्ये कॅरिबियन बेटांतून आलेल्या 'विंडरश' पिढीतील वृद्धांना, दशकानुदशके रीतसर राहूनही केवळ कागदाअभावी उपरे ठरविण्यात आल्याचे उघड झाले होते आणि त्या प्रकरणात गृहमंत्री अंबर रड यांना पायउतार व्हावे लागले होते. त्यामुळे हाती कागद असावा, हा आग्रह अनाठायी नव्हता. लॉर्ड्सने जानेवारी २०२० मध्ये तो धरला. कॉमन्सने तो पुन्हा मोडून काढला.

मुदत चुकलेल्यांचे काय होते, हे युरोपने याआधी पाहिले आहे. युगोस्लाव्हियातून १९९१ मध्ये बाहेर पडलेल्या स्लोव्हेनियाने इतर प्रजासत्ताकांतून आलेल्या रहिवाशांना नागरिकत्वासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. ज्यांनी अर्ज केला नाही किंवा ज्यांचा फेटाळला गेला, अशा पंचवीस हजारांहून अधिक माणसांची नावे २६ फेब्रुवारी १९९२ रोजी कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आली. अनेकांना ते कार्यालयाच्या खिडकीवर गेल्यावरच कळले. 'पुसून टाकलेले' हेच त्यांचे नाव पडले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने २०१२ मध्ये हा हक्कभंग ठरविला. तोवर वीस वर्षे उलटली होती.

ब्रिटनमध्ये प्रकरण त्या थराला गेले नाही, याचे बरेचसे श्रेय कराराने निर्माण केलेल्या स्वतंत्र देखरेख प्राधिकरणाला जाते. प्री-सेटल्ड दर्जा असलेल्याने मुदतीत दुसरा अर्ज न केल्यास त्याचा वास्तव्याचा हक्क आपोआप संपावा, असा गृहखात्याचा नियम होता. प्राधिकरण न्यायालयात गेले आणि २१ डिसेंबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाने हा नियम कराराशी विसंगत ठरविला. त्यानंतर गृहखात्याने दर्जाची मुदत परस्पर वाढविण्यास आरंभ केला आणि जानेवारी २०२५ पासून पात्र व्यक्तींना विनाअर्ज सेटल्ड दर्जा देण्याचे कामही सुरू केले. २०१६ चा 'आपोआप' हा शब्द नऊ वर्षांनी, न्यायालयाच्या दाराने परत आला. मुदतीनंतरच्या अर्जांबाबत मात्र ऑगस्ट २०२३ पासून नियम कठोर झाले. विलंबाचे सबळ कारण दाखविल्याशिवाय अर्ज दाखलच होत नाही.

कुटुंबांच्या बाबतीत तारखेची धार अधिक बोचरी आहे. धाकट्याचा विवाह मडगावात डिसेंबर २०२० मध्ये झाला असेल, तर पत्नीला करारानुसार केव्हाही नेता येते. तोच विवाह महिनाभराने झाला असेल, तर ब्रिटनचे सर्वसाधारण व्हिसा-नियम लागू होतात, ज्यातील किमान वार्षिक उत्पन्नाची अट १८,६०० पौंडांवरून एप्रिल २०२४ मध्ये २९,००० पौंडांवर नेण्यात आली. गोदामात किंवा रुग्णालयाच्या स्वच्छता विभागात राबणाऱ्याला ही रक्कम लहान नाही. शिवाय सलग पाच वर्षे ब्रिटनबाहेर राहिल्यास सेटल्ड दर्जाही जातो. वृद्ध आई-वडिलांसाठी गावी परतणाऱ्यांनी ही अट ध्यानात ठेवावी.

थोरल्याची कथा आता उलट दिशेने जाते. त्याला २०१६ मध्ये मत होते. पण त्याच्या वास्तव्याला कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराचे पाठबळ नाही. त्याची कायम वास्तव्याची परवानगी ब्रिटिश संसद आणि गृहखाते यांच्या नियमांवर उभी आहे, आणि ते नियम साध्या बहुमताने बदलतात. मे २०२५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने श्वेतपत्रिका काढून अशा परवानगीसाठीचा सर्वसाधारण कालावधी पाच वर्षांवरून दहावर नेण्याचा मानस जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, तेथे आधीच पोहोचलेल्या पण अद्याप परवानगी न मिळालेल्यांनाही हा बदल लागू करण्याचा प्रस्ताव पुढे आला. सप्टेंबर २०२५ मध्ये नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाने तर कायम वास्तव्याची ही परवानगीच रद्द करण्याची घोषणा केली. युरोपीय नागरिकांचा सेटल्ड दर्जा मात्र त्यातून वगळला. महासंघातून बाहेर पडण्यासाठी ज्यांनी हयात वेचली, त्यांनाही महासंघाशी झालेल्या कराराला हात लावणे सोपे वाटले नाही. पुणे-नागपूरहून लंडनला गेलेल्या संगणक अभियंत्यांनी ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. त्यांचे मत त्यांना संरक्षण देईलच असे नाही, कारण ते थोडे आहेत. आणि करार त्यांच्यासाठी कोणी केलेला नाही.

धाकट्याचे कोडे दिल्लीतही सुटायचे असते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. लिस्बनमध्ये केवळ जन्मनोंद केली म्हणजे नागरिकत्व घेतले असे होते काय, यावर गोव्याच्या राजकारणात वर्षानुवर्षे वाद झडले. २०२२ च्या अखेरीपासून पारपत्र परत घेण्याऐवजी ते रद्द करण्याचा पवित्रा प्रशासनाने घेतला. परिणामी पारपत्र समर्पणाचा दाखला मिळेना, आणि तो नाही म्हणून 'ओसीआय' कार्डही मिळेना. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र व गृह मंत्रालयांनी, रद्द केल्याचा आदेश पर्यायी कागद म्हणून स्वीकारण्याचे मान्य केले, तेव्हा ही कोंडी फुटली. लोकसभेची निवडणूक तेव्हा तोंडावर होती. गोव्यातील मतदार हे मतदार असतात, एवढे दिल्लीला कळते.

आता धाकट्याच्या हाती पोर्तुगीज पारपत्र आहे, ओसीआय कार्ड आहे आणि भ्रमणध्वनीत सेटल्ड दर्जाची नोंद. पारपत्राचे नूतनीकरण झाले की नवा क्रमांक त्या नोंदीशी जोडावा लागतो. जोडला नसेल, तर दाबोळी किंवा मोपा विमानतळावरील खिडकीत बसलेल्या कर्मचाऱ्याला माघारीच्या कराराचे अठरावे कलम ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या पडद्यावर परवानगी दिसत नाही, एवढेच तो सांगतो.